मेंदू-प्रतिमांकन केंद्रातील पहिले वर्ष आणि माझे आठ सेकंद

विद्यापीठाच्या मेंदू-प्रतिमांकन केंद्रात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात सगळीकडे फिरवून आणतात. ३ टेस्लाचा (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) एमआरआय स्कॅनर आणि त्याला लागून असलेली नियंत्रण-खोली, जाड दरवाजामागचे, मेंदूचे चुंबकीय क्षेत्र मोजणारे एमईजी, डोक्यावरून मेंदूच्या विद्युत् लहरी नोंदणाऱ्या ईईजीच्या दोन-तीन छोट्या खोल्या, चुंबकीय स्पंदांनी मेंदू उत्तेजित करणाऱ्या टीएमएसची खुर्ची, सरावासाठीचा नकली स्कॅनर आणि शेवटी गार वाऱ्याची सर्व्हर-खोली, असा तो क्रम असतो. मलाही तसेच फिरवले गेले आणि मी सगळ्या यंत्रांची नावे वहीत नीट उतरवून घेतली. त्या फेरीत खोल्या दाखवतात, पण एका यंत्रातून निघून दुसऱ्या यंत्रात शिरणाऱ्या तारा मात्र कोणी दाखवत नाही. ज्या चुकीत माझे जवळजवळ पहिले वर्ष गेले ती कोणत्याही यंत्रात नव्हती. ती अशाच एका तारेच्या दोन टोकांच्या मध्ये होती. म्हणून येथे यंत्रांविषयी आवश्यक तेवढे आणि त्या तारेविषयी आवश्यकतेपेक्षा थोडे जास्त लिहिले जाईल, हे आधीच सांगून ठेवते.

बोल्ड संकेत (रक्तातील ऑक्सिजननुसार बदलणारा एमआरआयचा संकेत), व्हॉल्यूम (पूर्ण मेंदूचे एक त्रिमितीय चित्र), टीआर (एका व्हॉल्यूमला लागणारा वेळ) आणि व्हॉक्सेल (त्या चित्रातला सर्वांत लहान ठोकळा) हे शब्द तुम्ही ऐकले असतील असे मी धरून चालते. सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये रक्तातील ऑक्सिजनच्या प्रमाणानुसार एमआरआयचा संकेत बदलतो हे दाखवले आणि १९९२ मध्ये माणसाच्या मेंदूवरील असे पहिले प्रयोग प्रसिद्ध झाले, हा इतिहास प्रवेशाच्या मुलाखतीत विचारतात, त्यामुळे तो पाठ असतोच. डोक्यात नीट बसलेली नसते ती साधी गोष्ट अशी की स्कॅनरचे चुंबक कधीही बंद नसते. निओबियम-टायटॅनियमच्या तारांची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास, बुडवून ठेवलेली असतात आणि बाहेरचा वीजपुरवठा गेला तरी त्यांतला प्रवाह वाहतच राहतो. सुट्टीच्या दिवशी, मध्यरात्री, पडदे काळे असताना आणि यंत्र निपचित पडलेले असतानाही त्या खोलीत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ६०,००० पट क्षेत्र असते. भिंतीवरचे आणीबाणीचे विजेचे बटण दाबल्याने यंत्राची वीज जाते, चुंबक जात नाही. चुंबक घालवण्याचे बटण वेगळे असते. ते दाबले की हेलियम उकळून सुमारे ७०० पट आकारमानाचा वायू होतो आणि छतावरच्या नळीवाटे बाहेर फेकला जातो. माणूस चुंबकात अडकून जिवावर बेतले असेल तेव्हाच ते दाबायचे असते. ही दोन बटणे कोठे आहेत आणि त्यांच्यात काय फरक आहे हे पहिल्या दिवशी विचारा. फेरीत कोणी सांगेलच असे नाही.

२००१ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात एमआरआयच्या खोलीत आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर चुंबकाने खेचून घेतला आणि स्कॅनरमध्ये असलेला सहा वर्षांचा मुलगा दगावला. त्यानंतरच्या वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने जी सुरक्षा-मार्गदर्शिका काढली तिच्यातून चार क्षेत्रांची पद्धत रूढ झाली: पहिले क्षेत्र सर्वांसाठी खुले, दुसऱ्यात सहभागी व्यक्तीची विचारपूस, तिसऱ्यात फक्त प्रशिक्षित माणसे आणि त्यांच्या देखरेखीखालचे सहभागी, आणि चौथे म्हणजे प्रत्यक्ष चुंबकाची खोली. आपल्या केंद्रातील जमिनीवरच्या रंगीत पट्ट्या याच पद्धतीच्या असतात आणि त्या शोभेसाठी आखलेल्या नसतात.

सहभागी व्यक्तीचा सुरक्षा-अर्ज भरून घेणे हे कंटाळवाणे काम नवख्यांच्या वाट्याला येते, आणि ते काम ज्येष्ठांकडून आपल्याकडे ढकलले गेले म्हणून आपणही ते उरकून टाकतो. तसे करू नका. पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतील रक्तवाहिनीवर बसवलेली जुनी क्लिप यांची आठवण माणसाला असते. लहानपणी कारखान्यात धातूचे घासकाम करताना डोळ्यात गेलेल्या लोखंडाच्या कणाची नसते. म्हणून प्रश्न दोनदा आणि दोन वेगळ्या तऱ्हांनी विचारा: एकदा अर्जावर आणि एकदा तोंडी, दाराच्या अलीकडे उभे राहून. काही व्यायामाच्या कपड्यांत चांदीचे धागे असतात आणि ते रेडिओ-लहरींनी तापतात, म्हणून सहभागींना केंद्राचेच कपडे द्यावेत असे माझे ठाम मत आहे. वस्तूंवरच्या तीन खुणांपैकी हिरवी आणि लाल सर्वांना कळते. घोटाळा होतो तो पिवळ्या त्रिकोणाच्या ‘एमआर कंडिशनल’ (ठरावीक अटींवरच सुरक्षित) या खुणेने. १.५ टेस्लावर तपासलेली वस्तू ३ टेस्लावर चालेलच असे नाही, आणि अटी न वाचता ‘चालते’ म्हणणाऱ्या मित्रावर विसंबून राहू नका. शंका असेल तर त्या व्यक्तीला आभार मानून परत पाठवा. एक सहभागी कमी झाल्याने कोणाचाही प्रबंध अडलेला मी पाहिलेला नाही.

हे वाचून दडपण आले असेल तर तेही योग्यच आहे, पण ते टिकत नाही. दहा-बारा वेळा खोलीत गेल्यावर खिसे चाचपण्याची सवय इतकी अंगवळणी पडते की वाचनालयात शिरतानाही हात आपोआप खिशाकडे जातो.

आता स्कॅनरच्या अवतीभवतीच्या सामानाविषयी. डोक्याची कॉइल, म्हणजे डोक्याभोवती बसवायचा संकेत टिपणारा पिंजरा, बहुधा ३२ किंवा ६४ चॅनेलची असते. चॅनेल जास्त म्हणजे चित्र चांगले हे खरे, पण दाट कॉइल डोक्याला घट्ट बसते, मोठ्या डोक्याच्या माणसाला हेडफोनसह तिच्यात बसवणे कठीण जाते आणि तिच्या दांड्या डोळ्यांच्या आड येतात. चष्मा असणाऱ्यांसाठी केंद्रात प्लॅस्टिकच्या चौकटीचे, वेगवेगळ्या नंबरांच्या भिंगांचे चष्मे असतात. सहभागीचा नंबर आदल्या दिवशीच विचारून ठेवावा, कारण तो झोपल्यावर कळले तर तुमच्या राखीव तासातील १० मिनिटे जातात. यंत्राचा आवाज १०० डेसिबेलच्या पुढे जाऊ शकतो, म्हणून कानात बोळे आणि वर हेडफोन हे दोन्ही हवेत, आणि बोळे नीट बसले आहेत की नाही हे आपण स्वतः पाहावे. हातात धोक्याचा (अडचण आली तर दाबून कळवण्याचा) फुगा द्यायचा आणि तो एकदा दाबून पाहायला सांगायचे. हे विसरणारा संशोधक मला आवडत नाही, मग त्याचे शोधनिबंध कितीही असोत.

प्रोजेक्टरचे चित्र पडद्यावर पडते आणि सहभागी ते डोक्यावरच्या आरशातून पाहतो, त्यामुळे डावे-उजवे उलटण्याची शक्यता असते. माझ्या आधीच्या गटाने प्रोजेक्टरची मांडणी बदलून ठेवली होती आणि माझी एक सहभागी पूर्ण सत्रभर उलटी अक्षरे वाचत होती. प्रयोगच तसा असेल असे तिला वाटले, म्हणून ती काही बोलली नाही. सत्राच्या आधी स्वतः झोपून पडदा पाहा. डाव्या-उजव्याची हीच भानगड चित्रांतही असते, कारण काही प्रणाली मेंदू समोरून पाहिल्यासारखा दाखवतात आणि काही मागून पाहिल्यासारखा. पायलट, म्हणजे चाचणीच्या, सत्रात उजव्या कानशिलावर ई जीवनसत्त्वाची एक गोळी चिकटवावी. तिच्यातले तेल चित्रात पांढऱ्या ठिपक्यासारखे दिसते आणि पुढचा सगळा वाद मिटतो. हा उपाय फार साधा वाटतो म्हणून लोक करत नाहीत.

आता ती तार.

स्कॅनर प्रत्येक व्हॉल्यूम घेताना एक विद्युत् स्पंद बाहेर पाठवतो. त्यालाच सगळे ट्रिगर म्हणतात. तो ऑप्टिकल फायबरने नियंत्रण-खोलीतल्या एका लहानशा पेटीत येतो आणि तेथून, चित्रे दाखवणाऱ्या संगणकाकडे जातो. बहुतेक ठिकाणी ती पेटी संगणकाला कीबोर्डसारखी दिसते आणि प्रत्येक ट्रिगरला एखादी ठरावीक कळ, पुष्कळदा ५ ची, दाबली गेल्याचे भासवते. तुमचा प्रोग्राम ती कळ दाबली जाण्याची वाट पाहतो आणि मग पहिले चित्र दाखवतो. येथपर्यंत सगळे सरळ आहे आणि सगळ्यांना हे माहीत असते. मलाही माहीत होते.

सरळ नाही ते पुढचे. स्कॅन सुरू झाल्यावर पहिल्या काही सेकंदांत प्रोटॉनांचे चुंबकन स्थिरावलेले नसते, म्हणून सुरुवातीचे तीन-चार व्हॉल्यूम बाकीच्यांपेक्षा जास्त उजळ येतात आणि ते विश्लेषणात घेत नाहीत. ते टाकण्याच्या पद्धती मात्र अनेक आहेत. काही सीक्वेन्स (चित्रे कशी घ्यायची याच्या स्कॅनरला दिलेल्या सूचना) हे सुरुवातीचे व्हॉल्यूम स्वतःच घेतात, साठवत नाहीत, आणि पहिला ट्रिगर पहिल्या साठवलेल्या व्हॉल्यूमबरोबर पाठवतात. काही सीक्वेन्स पहिल्यापासून सगळे साठवतात आणि टाकण्याचे काम संशोधकावर सोडतात. काही ठिकाणी न साठवलेल्या व्हॉल्यूमनाही ट्रिगर येतो. कोणत्या यंत्रावर, कोणत्या सीक्वेन्समध्ये आणि कोणत्या सॉफ्टवेअर-आवृत्तीत काय होते हे सामान्य नियमाने सांगता येत नाही. ते त्या यंत्रापाशी उभे राहून मोजावे लागते. मी ते मोजले नाही.

माझ्या प्रयोगात टीआर २ सेकंदांचा होता. १६ सेकंद चित्रे, १६ सेकंद कोरा पडदा, असे ३२ सेकंदांचे चक्र होते. आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ विद्यार्थ्याने मला त्याची विश्लेषणाची स्क्रिप्ट दिली, आणि तिच्यात पहिले ४ व्हॉल्यूम कापण्याची एक ओळ होती. चित्रे दाखवण्याचा प्रोग्राम मात्र मी स्वतः नव्याने लिहिला, कारण त्याचा जुना प्रोग्राम मला ओबडधोबड वाटला होता. माझा प्रोग्राम पहिला ट्रिगर येताच सुरू होत असे. त्याचा जुना प्रोग्राम ४ ट्रिगर मोजून सोडत असे आणि पाचव्याला सुरू होत असे. म्हणजे त्याच्या पद्धतीत ४ व्हॉल्यूम कापल्यावर शून्यावा सेकंद बरोबर जागेवर येई. माझ्या पद्धतीत चित्रे पहिल्या व्हॉल्यूमपासूनच सुरू झालेली असताना मी सुरुवातीचे ४ व्हॉल्यूम, म्हणजे ८ सेकंद, कापून टाकत होते आणि चित्रांच्या वेळा मात्र न बदलता तशाच वापरत होते. त्याची स्क्रिप्ट बरोबर होती. माझा प्रोग्रामही बरोबर होता. दोघांचा शून्य वेगळा होता, एवढेच.

या आठ सेकंदांनी नेमके काय केले हे समजून घेण्यासारखे आहे, कारण चूक पकडली का गेली नाही याचे उत्तर त्यातच आहे. ३२ सेकंदांच्या चक्राचा पाव भाग म्हणजे ८ सेकंद. एखादे आवर्ती चक्र पाव भागाने सरकले की अपेक्षित नमुना आणि प्रत्यक्ष संकेत यांच्यातला सहसंबंध जवळजवळ शून्यावर येतो. चूक १६ सेकंदांची असती तर सगळे उलटे दिसले असते: चित्र पाहताना दृष्टि-कॉर्टेक्स (मेंदूचा पाहण्याचा भाग) विझतो आणि कोऱ्या पडद्याला पेटतो, असा विचित्र नकाशा आला असता आणि मला त्याच दिवशी शंका आली असती. चूक २ सेकंदांची असती तर परिणाम थोडा फिका पडला असता आणि काम चालून गेले असते. आठ सेकंदांनी नुसता राखाडी मेंदू दिला. काहीच नसलेल्या चित्रात चूक दिसत नाही. दिसते ती आपलीच नालायकी.

मग मी सर्व चुकीच्या ठिकाणी शोध घेतला. सहभागी हलले असतील म्हणून हालचालीचे आलेख पाहिले; ते स्वच्छ होते. स्मूदिंग (गोंगाट कमी करण्यासाठी चित्र थोडे पुसट करणे) ६ मिलिमीटरवरून ८ वर नेले, परत आणले. श्वास आणि नाडी यांच्या नोंदी घालून गोंगाट कमी करण्याचा प्रयत्न केला. कॉइल बिघडली असेल म्हणून गुणवत्ता-तपासणीच्या फँटमच्या (माणसाऐवजी स्कॅनरमध्ये ठेवायच्या चाचणी-वस्तूच्या) नोंदी मागितल्या. त्या उत्तम होत्या. शेवटी मी सर्वांत महागाची चूक केली. चित्रेच परिणामकारक नाहीत असे ठरवून, नऊ सहभागी झालेले असताना मी प्रयोग बदलला. चित्रांचा संच बदलला, गट लहान केले, कामाचे स्वरूपही बदलले. नंतर जेव्हा वेळेची चूक कळली तेव्हा ती एका ओळीत दुरुस्त झाली आणि त्या नऊ जणांच्या दृष्टि-कॉर्टेक्समध्ये पाठ्यपुस्तकात असावा तसा स्वच्छ प्रतिसाद उमटला. पण तोवर पुढच्यांचा प्रयोग वेगळा झाला होता आणि नऊ आणि बाकीचे एकत्र करता येत नव्हते.

ती कळली कशी, हेही सांगते. केंद्रातल्या तंत्रज्ञ बाईंना मी कॉइलविषयी तिसऱ्यांदा विचारायला गेले तेव्हा त्यांनी विचारले, “तुमचे पहिले चित्र दिसते तेव्हा माझ्या पडद्यावर कितवा व्हॉल्यूम चालू असतो?” मला सांगता येईना. मी परत येऊन डोक्याच्या मागच्या भागातल्या एका व्हॉक्सेलचा कच्चा संकेत, कोणतेही मॉडेल न लावता, कागदावर छापला आणि त्यावर चित्रांच्या वेळा पेन्सिलीने आखल्या. संकेताच्या लाटा सुरेख होत्या. फक्त प्रत्येक लाट चित्र दिसण्याच्या सहा सेकंद आधी चढायला लागत होती. रक्तप्रवाहाचा प्रतिसाद उत्तेजनानंतर दोनेक सेकंदांनी चढू लागतो आणि पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठतो. माझ्या सहभागींच्या मेंदूंना मात्र चित्र येणार हे आधीच कळत होते. मी तो कागद पाहून हसले आणि नंतर बराच वेळ स्वच्छतागृहात बसून होते.

म्हणून पुढची तपासणी करा आणि ती स्वतः करा. पायलट सत्रात, खऱ्या प्रयोगाच्याच सीक्वेन्सने, त्याच संगणकावरून आणि त्याच प्रोग्रामने, लुकलुकणारा बुद्धिबळ-पट १६ सेकंद दाखवा आणि १६ सेकंद बंद ठेवा. आलेली माहिती त्याच दिवशी उतरवून घ्या. मॉडेल लावण्याआधी एका व्हॉक्सेलचा संकेत पाहा. प्रोग्रामने नोंदलेले ट्रिगर आणि साठवलेले व्हॉल्यूम यांची संख्या मोजा. दोन्ही आकडे सारखे असले तर चांगले, वेगळे असले तर फरकाचे कारण लेखी मिळेपर्यंत एकही सहभागी बोलावू नका. यंत्राचे सॉफ्टवेअर बदलले, सीक्वेन्समधला एखादा पर्याय बदलला किंवा ती पेटी दुरुस्त होऊन आली, तर हे सगळे पुन्हा करा. आणि प्रयोगाच्या सुरुवातीला कीबोर्ड बाजूला सरकवून ठेवा. वही ठेवताना ५ ची कळ दाबली गेल्याने स्कॅनरच्या आधीच सुरू झालेला प्रयोग मी नंतर दुसऱ्याच्या बाबतीत पाहिला आहे.

माहितीची मांडणी बीआयडीएस या प्रमाणित पद्धतीने, जी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, पहिल्या दिवसापासून करावी असे मी आता सर्वांना बजावते. पूर्वी मला ती फोल्डरांना नावे देण्याची शिस्त एवढीच वाटत असे. तिच्यात घटनेची वेळ साठवलेल्या पहिल्या व्हॉल्यूमपासून मोजायची असा स्पष्ट नियम आहे, आणि स्कॅनरने टाकलेले व्हॉल्यूम आणि संशोधकाने टाकलेले व्हॉल्यूम यांच्यासाठी दोन निराळ्या नोंदी आहेत. त्या दोन जागा भरायला कोणी बसवले असते तर माझ्या तोंडून प्रश्न पहिल्याच आठवड्यात निघाला असता. एफएमआरआयप्रेपसारख्या (एफएमआरआय म्हणजे काम करणाऱ्या मेंदूचे एमआरआय) तयार प्रक्रिया-साखळ्यांविषयी माझे मत थोडे कडवट आहे. त्या चांगल्या आहेत, मी त्या वापरते, सुरुवातीचे न स्थिरावलेले व्हॉल्यूमही त्या ओळखून दाखवतात; पण चित्र केव्हा दाखवले हे त्यांना माहीत नसते, आणि त्यांचा देखणा अहवाल पाहून आपले सगळे बरोबर आहे असे वाटू लागते. निदान एका सहभागीचे विश्लेषण पायरीपायरीने हाताने करून पाहिल्याखेरीज साखळीला हात लावू नये.

ईईजीच्या खोलीत हीच तार वेगळ्या रूपात भेटते. तेथे हिशेब सेकंदांचा नसून मिलिसेकंदांचा असतो. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या, पडद्यावर एक चौकट १६.७ मिलिसेकंद टिकते. एफएमआरआयमध्ये एवढ्या फरकाने काही बिघडत नाही, ईईजीत मात्र एका चौकटीची चूकही शिखराची जागा बदलते. प्रोग्राम खूण पाठवतो त्या क्षणी पडद्यावर प्रकाश पडलेला असतोच असे नाही, म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात फोटोडायोड (प्रकाश टिपणारा छोटा संवेदक) चिकटवून खूण आणि प्रकाश यांतले अंतर मोजावे. अंतर स्थिर असेल तर ते वजा करता येते. ते दर वेळी बदलत असेल तर पडदा किंवा प्रोग्राम बदलावा लागतो. नवख्याने एमआरआयला हात लावण्याआधी दोन महिने ईईजीच्या खोलीत काढावेत असे मला वाटते. तेथे चूक स्वस्त असते, संकेत डोळ्यांसमोर उमटतो, सहभागीने डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या इलेक्ट्रोडवर अल्फा लहरी उठताना दिसतात, आणि जेल लावता लावता माणसाशी बोलण्याची सवय होते. हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत जुनी म्हणून दुय्यम समजणारे लोक भेटतील; त्यांचे ऐकू नका.

एमईजी सगळ्या केंद्रांत नसते. असेल तर त्याची खोली मुद्दाम पाहावी. मेंदूतून येणारे चुंबकीय क्षेत्र फेम्टोटेस्लांत मोजावे लागते, म्हणजे शेजारच्या एमआरआयच्या क्षेत्रापेक्षा हजारो अब्ज पटींनी क्षीण, आणि म्हणून त्या खोलीच्या भिंती म्यू-मेटलच्या (बाहेरचे चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूच्या) थरांच्या असतात. एमआरआयमध्ये जे ‘चालते’ ते येथे चालत नाही: दातांतली तार, डोळ्यांच्या पापण्यांवरचे रंग, किंवा नुकत्याच झालेल्या एमआरआयने किंचित चुंबकित झालेली दातांची भरणे संकेत बिघडवू शकतात. एकाच व्यक्तीची दोन्ही सत्रे असतील तर एमईजी आधी आणि एमआरआय नंतर, हा क्रम सोडू नये.

टीएमएसविषयी मी थोडक्यातच लिहिते, कारण त्यात माझा हात बसलेला नाही. १९८५ मध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी दाखवलेल्या या पद्धतीत चित्र काढले जात नाही, मेंदूला बाहेरून उत्तेजित केले जाते. क्वचित का होईना फिटचा झटका येण्याचा धोका असतो, म्हणून सहभागीचा अर्ज वेगळा असतो आणि एमआरआयचा अर्ज त्याच्या जागी चालत नाही. नकली स्कॅनरला खेळणे समजू नका. मुलांसाठी, बंद जागेची भीती असलेल्यांसाठी आणि तुमच्या स्वतःच्या सूचना किती लांबलेल्या आहेत हे कळण्यासाठी त्याहून उपयुक्त काही नाही, आणि तो बहुतेक वेळा रिकामा असतो.

मार्गदर्शकांविषयी माझा अनुभव असा की ज्यांच्या नावावर केंद्र चालते त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत स्वतः कॉइल लावलेली नसते. त्यांच्याकडे प्रश्नाचा अर्थ विचारायला जावे. ट्रिगरचा प्रश्न घेऊन गेलात तर ते मनापासून, आत्मविश्वासाने आणि जुन्या यंत्राच्या आठवणीवरून उत्तर देतील. माझ्या मार्गदर्शकांनीही ‘चार व्हॉल्यूम कापतोच आपण’ असेच सांगितले होते. केंद्राचे खरे ज्ञान तंत्रज्ञांकडे आणि यंत्राची देखभाल करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाकडे असते. त्यांना सत्र संपल्यावर, खोली आवरण्यात मदत करत विचारावे. सत्र चालू असताना विचारू नये. ज्येष्ठांकडून स्क्रिप्ट घेण्यात गैर काही नाही, मीही अजून घेते, पण ती प्रत्येक ओळीचा अर्थ विचारून घेते आणि जी ओळ ज्येष्ठालाच सांगता येत नाही तिच्यावर लाल खूण करते. हे संकोचाचे वाटते. संकोच एका दुपारचा असतो.

आणखी एक गोष्ट फेरीत सांगत नाहीत. एखाद्या सहभागीच्या चित्रात काही वेगळे दिसले, गाठ असावी असे वाटले, तर तेथल्या तेथे चेहऱ्यावर काही येऊ देऊ नका आणि त्याला काही बोलू नका. तुम्ही निदान करणारे डॉक्टर नाही. प्रत्येक केंद्रात अशा आनुषंगिक आढळाची ठरलेली कार्यपद्धती असते. ती संमतिपत्रात लिहिलेली असते आणि तुम्हाला ती पहिल्या सत्राआधी माहीत असली पाहिजे. माझ्यावर अशी वेळ एकदा आली. ठरलेल्या व्यक्तीला कळवले, तज्ज्ञाने चित्रे पाहिली, ती जन्मतः असलेली निरुपद्रवी पोकळी निघाली. त्या दोन दिवसांत मी झोपले नव्हते, सहभागी मात्र निवांत होता, आणि ते तसेच असायला हवे होते.

पहिले सत्र राखून ठेवताना एक तासाच्या कामासाठी दीड तास मागा. अर्ज, कपडे बदलणे, चष्मा, कॉइल, आरसा यांत २० मिनिटे जातात. शरीररचनेच्या १ मिलिमीटरच्या चित्राला पाच-सहा मिनिटे लागतात. एखादा सहभागी मध्येच फुगा दाबतो. दीड तास मिळाला आणि काम वेळेत संपले, तर उरलेल्या वेळात कोणीही माणूस आत नसताना फँटम ठेवून तुमचा प्रोग्राम चालवा आणि नियंत्रण-खोलीत दोन पडद्यांच्या मध्ये उभे राहून डावीकडे पहिले चित्र येते तेव्हा उजवीकडे कितवा व्हॉल्यूम चालू आहे ते वहीत लिहा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर यंत्रांची नावे आहेत. हा आकडा एकशे बाराव्या पानावर आहे.